रंगवलेला दिवा

“काम साधं होतं,” लेमकाका म्हणाले. “चौथ्या मजल्यावरचा एक दिवा विझवून यायचं. बस.”

ऑक्टोबरची एकोणीस तारीख, शनिवार. रात्रीचे सव्वानऊ वाजले असतील. दुपारी अलोन्झोमामाला मातीत ठेवून आलो होतो. चर्चच्या तळघरात जेवणं झाली. तिथल्या बायकांनी उरलेलं चिकन आणि मॅकरोनी चांदीच्या कागदात बांधून दिलं. माणसं पांगली. मामाच्या घरामागच्या ओसरीवर शेवटी आम्ही चौघंच उरलो: मामाची मुलगी शरीस, माझा धाकटा भाऊ क्विंटन, मी आणि लेमकाका. काका आमच्या नात्यातले नव्हेत. मामाबरोबर तीस वर्षं पाट्या रंगवत, फळ्या ठोकत क्लीव्हलंडभर फिरलेला माणूस.

शरीसनेच विषय काढला होता. दीड वर्षापूर्वी तिने डाउनटाऊनमध्ये फ्लॅट घेतला. ऑफिसांची जुनी इमारत, आतून पूर्ण उकरून नवी केलेली. खाली कॉफीचं दुकान, गच्चीवर कुत्र्यांसाठी हिरवळ. मामाने तिथे एकदाही पाऊल ठेवलं नाही. शेवटी या वसंतात ती फोनवर म्हणाली होती, “तुम्हाला माझं चांगलं झालेलं बघवत नाही, बाबा.”  मग मामा हॉस्पिटलात गेला, आणि ते बोलणं तसंच राहिलं.

“त्यांना माझी लाज वाटायची का, काका?” तिने विचारलं. “एवढंच सांगा. तुम्हाला माहीत असणार.”

“कुठली खिडकी तुझी?”

“चौथा मजला. कोपऱ्यापासून तिसरी. सरोवर दिसतं. बाबांनाही हेच सांगितलं होतं, तर म्हणाले, दूध उतू जातंय, फोन ठेवतो. बाबा कधी दूध तापवायचे?”

लेमकाकांनी हातातली बशी खाली ठेवली. बराच वेळ ते कुंपणाकडे बघत होते. मग त्यांनी त्या दिव्याची गोष्ट सुरू केली.

“दोन हजार तेरा. नोव्हेंबरची चौदा, गुरुवार. रात्री नऊ चाळीसला तुझ्या बापाला ऑफिसातून फोन आला. डाउनटाऊन सुधारायला जी मंडळी नेमली होती त्यांच्याकडून. बाई म्हणाली, लोकांच्या तक्रारी येतायत, त्या बंद इमारतीत चौथ्या मजल्यावर रोज रात्री दिवा जळतो. अलोन्झो म्हणाला, बाई, त्या इमारतीत वीजच नाही. तो दिवा मी रंगवलाय. तर ती म्हणते, मग फारच छान रंगवलाय तुम्ही. जाऊन बंद करून या.”

क्विंटन हसला. “भुताची गोष्ट आहे का काका? डाउनटाऊनमधली? भुताला तिथलं भाडं परवडतं?”

“गप रे,” शरीस म्हणाली, पण तीही थोडी हसली.

“तुम्ही तेव्हा लहान होता,” काका म्हणाले. “त्या उन्हाळ्यात शहरात मोठं अधिवेशन होतं. पाहुण्यांच्या बसेस ज्या रस्त्याने जाणार, त्यावर सहा इमारती ओस. फुटक्या खिडक्या बघून पाहुणे काय म्हणतील? म्हणून ठरलं, खिडक्यांवर फळ्या ठोकायच्या आणि फळ्यांवर खिडक्या रंगवायच्या. पडदे, दिवे, मांजरं. शहरात माणसं राहतात असं दिसायला हवं होतं. माणसं आणायचं काम मागाहून.

“अलोन्झोचा हात सोन्याचा. त्याने रंगवलेल्या मांजराला कबुतरं घाबरायची. खोटं नाही सांगत.

“त्या इमारतीत एकच बाई उरली होती. मिसेस झूपान. कपडे दुरुस्त करायची, पन्नास वर्षं त्याच खोलीत. नवरा गेला, गिऱ्हाइकं गेली, मग राहतं भाड्याचं घर सोडून ती दुकानातच राहायला लागली. कायद्याने चालत नव्हतं. यादीत इमारत रिकामी होती. आम्ही शेजारच्या खिडक्यांवर काम करायचो, तेव्हा ती खिडकीतून अक्रोड भरलेली गोड रोटी द्यायची, टोपलीत. क्रेनची टोपली वर असायची ना, चौथ्या मजल्याशी. तिच्या खिडकीत जिरेनियमची कुंडी होती, आणि मागे टेबलावर पिवळ्या टोपीचा दिवा. अलोन्झोला सुचेना काय रंगवावं, तेव्हा त्याने तेच समोर ठेवून रंगवलं. बाई आतून सूचना करायची. म्हणायची, ‘पाच फुलं आहेत हो, चार नाहीत. नीट मोजा.’ तिला वाटलं, तिच्या खिडकीचं चित्र शेजारच्या खिडकीवर लागणार.

“आम्हालाही तसंच वाटत होतं.”

ते थांबले. लांबून कुठूनतरी मालगाडीचा आवाज येत होता. 

“जुलैची नऊ, मंगळवार. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार. मुकादम म्हणाला, चौथा मजला मोकळा झाला, बाई नणंदेकडे गेली, जिन्याला सकाळीच साखळी घातली. उरलेली एक खिडकी उरका. आम्ही वर गेलो. खरंच, पडदा ओढलेला होता. कुंडी आतल्या बाजूला, पडद्याआड, नुसती सावली दिसत होती. अलोन्झो म्हणाला, कुंडी ठेवून गेली ही? ... पण तीच चित्राची फळी बसवली. बारा खिळे. सातव्या खिळ्याला तो थांबला. म्हणाला, आवाज आला.”

“कसला?” मी विचारलं.

“ठोकल्याचा. आतून. त्याने एक खिळा मारला की आतून एक ठोका. त्याच्याबरोबरच्या माणसाने सांगितलं, समोरच्या बँकेच्या भिंतीवरून येतोय, प्रतिध्वनी आहे. अलोन्झोने विश्वास ठेवला. उरलेले पाच मारले.”

शरीस पुढे सरकून बसली होती. “मग?”

“मग पाहुणे आले. फोटो काढले. पेपरात छापून आलं, क्लीव्हलंड जागं होतंय म्हणून.”

“काका, ती बाई...”

“सांगतो. क्रमाने सांगू दे, पोरी. नाहीतर मी थांबेन.

“तर नोव्हेंबर. चौदा तारीख. हवेत बर्फाची पहिली भुरभुर, सरोवरावरून वारा. अलोन्झो एकटाच गेला. काळ्या रंगाचा छोटा डबा आणि ब्रश घेऊन. दिव्यावर एक हात मारायचा आणि घरी यायचं. क्रेनची गाडी लावून त्याने वर पाहिलं. एका बाजूला छत्तीस खिडक्या रंगवलेल्या. दहा-बारांत दिवे रंगवले होते त्याने. सगळे अंधारात. एकच पिवळा दिसत होता. त्याला वाटलं, रस्त्याच्या दिव्याची तिरीप. मग बघितलं तर रस्त्याचा दिवा गेलेला.

“तो टोपलीत चढला. वर गेला. चौथा मजला.

“जवळून बघितलं तर नुसता रंग. उन्हाने थोडा उडालेला. पण फळीच्या कडेने ब्रश धरलेल्या हातावर उजेड पडत होता.

“त्याने ब्रश बुडवला. दिव्यावर काळा हात फिरवला.

“उजेड तसाच.

“ब्रशचा दांडा फळीला लागला. टक्.

“आतून... टक्.

“तो हलला नाही. वारा होता. त्याने मुद्दाम दोनदा वाजवलं. दोनदा आलं. मग त्याने हात खाली घेतला. काही वाजवलं नाही. आणि आतून सुरू झालं. एक. थांबून, दोन. हातोड्याच्या लयीत. खिळा धरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा मध्ये सोडून. तीन. चार... तो मोजत होता. बारा झाले. बंद.

“उजेड गेला.

“टोपलीतल्या हातोड्याने त्याने खिळे काढले. एक एक. बर्फात हात बधिर. फळी सुटली.”

 क्विंटनने खुर्ची किंचित मागे ओढली, तिचा आवाज नको इतका मोठा झाला.

“काच वर सरकवलेली होती,” ते हळू म्हणाले. “खुर्ची खिडकीला लावलेली. बाई तीत बसलेली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, हृदय. जुलैतच. बहुधा त्याच आठवड्यात.”

त्यांनी पायाजवळची बशी बाजूला सरकवली.

“त्याच आठवड्यात,” ते पुन्हा म्हणाले. “आठवडा सात दिवसांचा असतो. जिन्याला साखळी. फोन इमारतीबरोबर तोडलेला. ती बहुतेक त्या सकाळी त्याच मजल्यावर मागच्या बाजूला नळावर गेली होती. परत आली तोवर आम्ही वर पोचलो होतो. नणंदेला वाटत होतं, ती दुकानातच आहे. मुकादमाला वाटत होतं, नणंदेकडे आहे.

“आणि खिडकीच्या कट्ट्यावर कुंडी. चार महिने अंधारात. पाच फुलं, लाल. अलोन्झोने मातीला बोट लावलं. माती ओली होती.

“रात्री अकराला त्याचा फोन आला. एवढंच म्हणाला, लेम, प्रतिध्वनी अजून येतोय.”

शरीसने डोळे पुसले नाहीत. ती सरळ काकांकडे बघत होती. “मला सांगितलं होतं की बाबा दारूमुळे कामावरून गेले.”

“दारू त्यानंतर. चौकशी झाली, तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, मी ठोके ऐकले होते, तरी खिळे मारले. कुणावर खटला झाला नाही. पण त्यानंतर त्याने ब्रश धरला नाही. ती फळी आणि ती कुंडी मात्र मागून घेतली. कुणाला नकोच होती. तुझी खिडकी कोपऱ्यापासून तिसरी, म्हणालीस ना. तीच ती. तो तुझ्यावर रागावला नव्हता, पोरी. त्याला त्या खिडकीतून बाहेर बघवलं नसतं.”

“त्यांनी का नाही सांगितलं मला?”

“तू खूश होतीस. तुझं घर कसं नासवायचं?”

 मग तिने विचारलं, “टोपलीत त्यांच्याबरोबर कोण होतं? प्रतिध्वनी आहे म्हणाला तो?”

मला वाटतं, ते उत्तर तिला तेव्हा माहीत होतं. मला होतं. क्विंटन मान खाली घालून बसला होता.

“त्या संध्याकाळी बेसबॉलचा सामना होता,” लेमकाका म्हणाले. “तिकीट खिशात होतं. सहाच्या बसने गेलो तर पहिल्या चेंडूला पोचत होतो.”

“काका.”

“अलोन्झोने फक्त कानांनी ऐकलं होतं. त्याच्या एका हातात खिळा, दुसऱ्यात हातोडा. फळी मी धरली होती. दोन्ही हात असे पसरून.” त्यांनी दोन्ही तळवे वर करून समोर धरले.  “मला ठोके हातांना लागत होते. इथे. या जागी. प्रतिध्वनी तळहाताला लागत नाही, पोरी. मला माहीत होतं.”

...

“चौकशीत त्याने माझं नाव घेतलं नाही. मला पेन्शनला दोन वर्षं होती. मी बाकावर बसून ऐकत होतो. तो बोलत होता आणि मी ऐकत होतो. अकरा वर्षं मी त्याच्याकडे दर रविवारी जेवायला येत होतो. तो कधी एका शब्दाने बोलला नाही. मीही नाही. आज दुपारी तुम्ही सगळ्यांनी त्याची पेटी उचलली. मी पुढचा दांडा धरला होता. हेच हात.”

शरीस उठली. मला वाटलं, ती आत निघून जाईल. तिने पर्समधून गॅरेजची किल्ली काढली.

“फळी कुठे आहे?”

“मागच्या भिंतीला,” काका म्हणाले. “तोंड भिंतीकडे.”

गॅरेजला एकही खिडकी नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला मामाला हॉस्पिटलात नेलं, त्याच दिवशी शरीसने ते बंद केलं होतं. किल्ली तेव्हापासून तिच्याकडे, आणि तीही सात आठवड्यांत इकडे फिरकलेली नव्हती. तिने कुलूप काढलं, दिवा लावला. बंद हवेचा, जुन्या रंगाचा वास आला. मी आणि क्विंटनने फळी भिंतीपासून ओढून वळवली.

पडदा, खिडकीचा कट्टा, पाच फुलांची कुंडी. टेबलावरचा दिवा काळ्या फटकाऱ्याखाली गेलेला. मामाचं इतकं चांगलं काम मी आधी पाहिलंच नव्हतं.

फळीमागे, लाकडी खोक्यावर, खरी कुंडी होती.

फुलं मी मोजली नाहीत. शरीसने मोजली असतील. तिने वाकून मातीत बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत. ओलं बोट बाहेर काढलं आणि दिव्याकडे धरलं. मग आमच्याकडे बघितलं. आम्ही दोघांनी मान हलवली. आमच्यापैकी कोणी नाही.

लेमकाका दारातच उभे होते. आत येत नव्हते.

“काका, आत या,” ती म्हणाली.

ते आले नाहीत.

तिने कुंडी उचलली, दारापर्यंत नेली आणि त्यांच्यासमोर धरली. तिचा आवाज अगदी साधा होता, ताट वाढताना असतो तसा. “धरा.”

“शरीस...”

“दोन्ही हातांनी, काका.”

त्यांनी धरली. खालून, दोन्ही तळवे पसरून. कुंडीच्या भोकातून पाणी त्यांच्या हातांवर उतरत होतं, बोटांच्या फटींतून बुटांवर थेंब थेंब पडत होतं. आम्ही चौघं तिथेच उभे होतो. थेंब थांबत नव्हते, आणि लेमकाकांनी हात काढले नाहीत.