किटलीचं एक मत

फेरतपासणी शाळेच्या बॅडमिंटन हॉलमध्ये ठेवायचं ठरलं, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी एकच अट घातली. लाकडी जमिनीवर बूट घालून कुणीही यायचं नाही. त्यामुळे त्या दिवशी शहराच्या निवडणुकीचा सोक्षमोक्ष लावायला जमलेली मंडळी झाडून सगळी पायमोज्यांत होती. कुणाच्या टाचेला भोक, कुणाच्या दोन पायांत दोन रंग. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन पक्षांचे प्रतिनिधी एकमेकांचे पाय मात्र बारकाईने पाहत होते.

हॉलच्या मधोमध तारेची जाळी उभी केली होती. अलीकडे तपासणीची टेबलं, पलीकडे प्रतिनिधींच्या खुर्च्या. एका कोपऱ्यात मतदानाच्या दिवसाचे पुठ्ठ्याचे आडोसे घडी करून रचून ठेवले होते. उंच खिडक्यांतून दुपारचं ऊन टेबलांवर उतरलं होतं.

टेबलाच्या टोकाशी साक्षीदार म्हणून बसलेल्या बाईंना सगळं ऑफिस मागून ‘फूटपट्टी’ म्हणत असे. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. मतमोजणीच्या त्या प्रमुख होत्या. त्यांच्या सहीनेच निकाल लागला होता, आणि त्याच सहीपायी गेले काही महिने त्यांना रस्त्याने चालणं नकोसं झालं होतं. भिंतींवर ‘मोजा!’ असे फलक लागले. केस कापणारी नेहमीची मुलगीसुद्धा एकदा म्हणाली, “बाई, कापून झाल्यावर केस मोजून घ्या हं, नाहीतर उद्या माझ्यावर नाव यायचं.” सगळे हसले. बाईही हसल्या, पण घरी येईपर्यंत ते हसू पार आंबून गेलं.

ह्या सगळ्याची ठिणगी पडली ती त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावापासून, दादापासून.

निवडणुकीला एक निवृत्त परिचारिका उभी होती. तिची निशाणी किटली. तिला फारसं कुणी मोजत नव्हतंच. दादाने स्वतःही तिला मत दिलं नव्हतं. दिलं होतं वहिनीने. वहिनी तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या होत्या, तरी हट्ट धरून चाकाच्या खुर्चीतून वाचनालयाच्या केंद्रावर गेल्या आणि येताना गाडीत खुशीत म्हणाल्या, “मी आपली किटलीला देऊन आले. तुम्हाला नसेल पटत तर नका पटवून घेऊ.” निकाल लागला. वाचनालयाच्या केंद्रावर किटलीला मतं शून्य.

वहिनींनी ते वाचलं. नणंद भेटायला आली तेव्हा उशीवरून मान वळवून त्यांनी विचारलं, “मग माझं मत गेलं कुठे?”

बाई म्हणाल्या, “वहिनी, आमच्याकडे अशी चूक होत नाही.” त्या खरंच तसं समजत होत्या.

वहिनींनी मान पुन्हा भिंतीकडे वळवली. काही दिवसांतच त्या गेल्या. दादाने बहिणीशी बोलणं टाकलं आणि ‘शून्य कसं?’ एवढे दोनच शब्द लिहिलेला पुठ्ठा घेऊन तो निवडणूक कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसायला लागला. आधी एकटाच. मग हळूहळू त्याच्याभोवती माणसं जमली. ज्याच्या-त्याच्या मनात काही ना काही शंका होतीच. सरकारी तपासणीची मागणी झाली तेव्हा वरिष्ठांनी बाईंना सल्ला दिला, “तुम्ही ह्यात पडू नका, कानावर हात ठेवा.” बाईंनी तो ऐकला नाही. तपासणी झालीच पाहिजे, असं त्यांनीच लेखी कळवलं. भावाने आपल्याला चोर समजावं, ह्यापेक्षा आपली चूक निघालेली परवडली, असं त्यांना वाटत होतं.

आता तोच भाऊ जाळीपलीकडे किटलीचा प्रतिनिधी म्हणून बसला होता. राखाडी मोजे, मांडीवर हात. बहिणीकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

तपासणीला दुसऱ्या शहरातून साहेब आले होते. उंच, सावकाश बोलणारे, बोलण्याआधी चष्मा पुसणारे. वाचनालयाच्या केंद्राची पेटी पुढे आली. मोहोर सर्वांना दाखवून तोडली. झाकण उघडताच साहेबांनी नाक वर केलं.

“आज इथे कुणी शिक्का वापरला?”

“नाही साहेब,” कारकून म्हणाला. “नियमच आहे. हॉलमध्ये शिक्का नाही, शाई नाही. पेनंसुद्धा नेऊन ठेवलीत, पेन्सिलीच आहेत.”

“मग वास कसला येतोय?”

वास बाईंनाही आला होता. ताज्या शाईचा, जरासा गोड, जरासा औषधी. काही महिने बंद असलेल्या पेटीला खरं तर कोंदट वास यायला हवा. ‘बंद जागेत वास मुरतो,’ असं त्यांनी स्वतःला समजावलं. त्यांना समजावायला एवढं पुरत असे.

मोजणी सुरू झाली. साहेब एकेक मतपत्रिका उचलून जाळीकडे धरत, निशाणी मोठ्याने सांगत, आणि पलीकडून सगळे मिळून “पाहिलं” म्हणत. शिडी, पाहिलं. छत्री, पाहिलं. शिडी, पाहिलं. एका लयीत काम चाललं होतं. एकेक गठ्ठा होई, एकेक गठ्ठा आधीच्या आकड्याशी जुळे. बाईंच्या खांद्यांवरचं ओझं थोडं थोडं उतरत होतं, आणि त्याच वेळी दादाचा चेहरा पडत चालला होता. तो पडताना पाहून त्यांना आपल्या जुळणाऱ्या आकड्यांचाच राग यायला लागला.

“साहेब, हात बघा तुमचे,” कारकून म्हणाला.

साहेबांच्या चिमटीला जांभळी शाई लागली होती. त्यांनी रुमालाने पुसली. हातातला कागद उजेडात धरला, त्यावरच्या शिक्क्यावरून बोट फिरवलं. शिक्का ठणठणीत कोरडा होता. त्याच्या खालचाही. त्याच्याही खालचा.

“पुढे चला,” ते म्हणाले, आणि चष्मा पुन्हा पुसला.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. टप्.

मऊ, ठाम, ओळखीचा. मतदानाच्या दिवशी दिवसभर कानावर पडणारा, आडोशामागून येणारा. सगळ्यांच्या माना एकदम तिकडे वळल्या. पुठ्ठ्याचे आडोसे घडी घालून, दोरीने बांधून, भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्यामागे मांजरही मावलं नसतं.

“उंदीर असेल,” छत्रीचा प्रतिनिधी म्हणाला.

“उंदीर मतदान करतात वाटतं तुमच्याकडे?” शिडीवाल्याने विचारलं. “मग बरोबरच आहे, तुमची मतं वाढली कशी ते कळलं.”

हशा पिकला, पण फार टिकला नाही. दादा हसला नव्हता. तो खुर्चीतून अर्धवट उठून आडोशांकडे पाहत होता. मग त्याने, गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच, बहिणीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. घाबरलेला माणूस आपल्या घरच्या माणसाकडे पाहतो, तसं ते पाहणं होतं.

सगळे गठ्ठे संपले. सगळे आकडे जुळले. किटली शून्य.

“आता बाद मतं,” साहेब म्हणाले.

बाद मतांचं पाकीट पेटीच्या तळाशी होतं. कारकुनाने ते बाहेर काढलं आणि पटकन टेबलावर टाकलं. पाकिटाच्या कोपऱ्यावर जांभळा डाग होता. आतून झिरपलेला. ते पाहत असतानाच तो नखभर वाढला.

“पाकीट पेटीत ठेवताना असं होतं?” साहेबांनी विचारलं.

“नव्हतं,” बाई म्हणाल्या. “मोहोर मीच लावली होती. पाकीट कोरं होतं.”

मोहोर शाबूत होती. साहेबांनी ती जाळीपाशी नेऊन सगळ्यांना दाखवली आणि मग तोडली.

आत सपाट ठेवलेल्या थोड्या मतपत्रिका होत्या. कोऱ्या, फाटलेल्या, कुणी शिक्क्याऐवजी शिव्या लिहिलेल्या. आणि सर्वांत खाली एक मतपत्रिका होती ती सपाट नव्हती.

ती घडी घातलेली होती.

मोजताना प्रत्येक कागद उलगडून, हाताने दाबून सपाट करतात. घडी घातलेला एकही कागद पाकिटात जात नाही. बाईंनी हे स्वतः कितीतरी जणांना शिकवलं होतं.

साहेबांनी घडी सोडवायचा प्रयत्न केला. ती सुटेना. टोकं आत खोचलेली होती.

बाईंनी ती घडी लगेच ओळखली. ती पुडी होती. औषधाच्या भुकटीची बांधतात तशी, दोन्ही टोकं एकमेकांत अडकवलेली. वहिनींचं सगळं आयुष्य दवाखान्यात पुड्या बांधण्यात गेलं होतं. त्यांच्या हाताला दुसरी घडी ठाऊकच नव्हती. किराणा मालाची पावतीसुद्धा त्या अशीच मुडपून ठेवत, आणि दादा त्यांना त्यावरून चिडवत असे.

जाळीच्या तारा खणखणल्या. दादाने त्या दोन्ही हातांनी धरल्या होत्या.

“साहेब, ही घडी...”

“थांबा,” साहेब शांतपणे म्हणाले. “मत कुणाचं असावं, ह्याबद्दल इथे कुणीही एक अक्षर बोलायचं नाही. मत गुप्त आहे. गुप्तच राहील.”

दादाने ओठ मिटले. ज्या मतासाठी त्याने पायऱ्या झिजवल्या, त्याच्यासमोर तो गप्प उभा राहिला.

“बाई, तुम्हाला सोडवता येईल?” साहेबांनी विचारलं.

बाईंना येत होतं. लहान टोक बाहेर ओढायचं, मग मोठं. कागद अजून ऊबदार होता. उलगडला तरी तो मिटू पाहत होता, म्हणून त्यांनी तो डावीकडून अंगठ्याने दाबून धरला.

दोन शिक्के होते. डावीकडच्या रकान्यात किटलीवर एक, उजवीकडच्या रकान्यात शिडीवर एक. मोजणीच्या दिवशी टेबलावरच्या माणसाने हेच पाहिलं होतं. दोन शिक्के, मत बाद. खाली बाईंची सही होती.

साहेब वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

“शिक्क्यात काय असतं बाई?”

“गोल. त्यात बरोबरची खूण.”

“शिडीवरची खूण नीट बघा.”

बाईंनी पाहिलं. शिडीवरची खूण उलटी होती. लांब दांडी डावीकडे, आखूड उजवीकडे, आरशात दिसते तशी. तिथे कुणी शिक्का मारलाच नव्हता. कागद आधी आडवा मुडपायचा असतो. तो उभा मुडपला की एका रकान्याची ओली शाई समोरच्या रकान्यावर उमटते. औषधाची पुडी बांधणारा हात कागद आधी उभाच मुडपतो. उमटलेली उलटी खूण धरायची नसते, हा नियम बाईंना तोंडपाठ होता. त्या दिवशी तो कुणाला आठवला नव्हता, त्यांनाही नाही.

“हे मत बाद नाही,” बाई म्हणाल्या. आपला आवाज हॉलभर ऐकू जावा, असं त्यांना वाटलं आणि तो गेलाही. “चूक आमची आहे. खाली माझी सही आहे. हे मत वैध आहे.”

साहेबांनी मतपत्रिका दोन्ही हातांनी उचलली आणि जाळीकडे धरली.

“किटली.”



“पाहिलं,” शिडीवाला म्हणाला. उलटी खूण त्याच्याच शिडीवर होती, तरी सगळ्यांत आधी तोच बोलला.

“पाहिलं,” छत्रीवाला म्हणाला.

 दादा नुसता मान हलवत राहिला, आणि त्याचे डोळे वाहत राहिले.

निकाल बदलला नाही. जो निवडून आला होता, तोच निवडून आलेला राहिला. पण साहेबांनी तिथल्या तिथे हुकूम केला की प्रत्येक केंद्राचं बाद मतांचं पाकीट असंच जाळीसमोर उघडायचं, आणि तिन्ही प्रतिनिधींनी आनंदाने मान डोलावली. बाहेर फाटकाशी ताटकळलेल्या लोकांना ही बातमी कळली तेव्हा ओरडाआरडा झाला नाही. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी.

“एका मताने काय मोठा फरक पडला?” एकाने विचारलं.

“ज्याचं होतं त्याला विचारा,” दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलं, आणि भिंतीवरचा ‘मोजा!’चा फलक सोडवून घडी करून काखेत मारला.

हॉलमागच्या नळावर बाई हात धुवायला गेल्या. पायांत अजून मोजेच होते. मागून दादा आला. 

“चिमे,” तो म्हणाला. लहानपणीचं नाव. “मी तुला चोर म्हणालो.”

“मोठ्याने म्हणालास.”

“पायऱ्यांवर बसून म्हणालो.”

“मीही वहिनींना म्हणाले होते की आमच्याकडे चूक होत नाही. फिटंफाट झाली, दादा. रात्री जेवायला ये. कधीपासून ताट एकटीचंच वाढतेय मी.”

“येतो,” दादा म्हणाला, आणि नळ सोडून त्याने बहिणीचा हात स्वतःच्या हातांत घेतला. लहानपणी चिखलाचे हात धुवून द्यायचा तसा. “अंगठ्याला शाई लागलीय तुझ्या.”

“कागद दाबून धरला होता ना, त्याचीच लागली असणार.”

दादा चोळायला लागला आणि मध्येच थांबला. त्याने बहिणीचा अंगठा उजेडाकडे वळवला. बाईंनीही पाहिलं. अंगठ्याच्या मांसल भागावर लहानसा गोल होता, कडा अगदी रेखीव, आणि त्यात बरोबरची खूण.

कागदावरच्या किटलीच्या शिक्क्यावरून उमटलेली खूण उलटी असायला हवी होती.

ती सुलटी होती. आखूड दांडी डावीकडे, लांब उजवीकडे, शिक्का नुकताच नीट टेकवून उचलावा तशी. नळाचं पाणी तिच्यावरून वाहत होतं, आणि ती अजून ओली होती.