तिसरी प्यो गा-राम

छुन्छनच्या ज्या दैनिकात मी नोकरी करते, तिथे माझं काम नावं वेगळी करण्याचं. एका नावाची चार माणसं असतात. दंड एकाला व्हायचा आणि फोटो दुसऱ्याचा छापला जायचा, असं होऊ नये म्हणून राजकारणाच्या पानावरची नावं आधी माझ्या टेबलावर येतात. मी कुणाच्या मागावर जात नाही. निवडणूक आयोगाच्या याद्या, शाळांची संकेतस्थळं, धावण्याच्या शर्यतींचे निकाल, जुन्या अंकांतल्या निधनवार्ता, जे कुणालाही घरबसल्या बघता येतं तेवढंच बघते. बारा वर्षं हेच करते आहे आणि चूक झाली म्हणून दुरुस्ती छापावी, अशी वेळ आजवर एकदाही आलेली नाही.

महापौरपदाची निवडणूक आठवड्यावर आली होती. सकाळी पावणेअकराला आमचा राजकीय वार्ताहर बेक सन-हो चिठ्ठी घेऊन आला. एका उमेदवाराने नवी प्रवक्ती नेमली होती. दोन वर्षांपूर्वी खोट्या अफवा पसरवल्याबद्दल दंड झालेली व्यक्ती हीच, असं विरोधक म्हणत होते आणि सकाळपासून ते सगळ्यांच्या फोनवर फिरत होतं. चारपर्यंत खरं काय ते छापायला द्यायचं होतं.

“नाव कोणत्या चिनी अक्षरांत लिहितात ते विचारलं, म्हणजे सारख्या नावांतला फरक लगेच कळला असता,” तो म्हणाला. “तर पक्षवाले म्हणतात, नावाला अक्षरंच नाहीत.”

“गा-राम म्हणजे नदी. आपला जुना कोरियन शब्द आहे. त्याला चिनी अक्षरं नसतात.”

“तुम्हाला बरं माहीत, मो ताई.”

मी चिठ्ठी घेतली. सन-हो चार वर्षांपूर्वी आला, त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. चिठ्ठीवर प्यो गा-राम लिहिलं होतं. माझ्या मुलीचं नाव प्यो गा-राम होतं.

पंधरा वर्षांपूर्वी, अकरा फेब्रुवारीला, तलावाकाठच्या रस्त्यावर बर्फावरून आमची गाडी घसरली. चालवत मी होते. ती नऊ वर्षांची होती, मार्चमध्ये नवं शाळावर्ष, चौथीत जायला तीन आठवडे होते. तिचा बाप, जुन-सिक, मला कधी एका शब्दाने बोलला नाही. पुढे तो सोकछोला बंदरावर कामाला गेला आणि तिकडेच राहिला.

प्यो हे आडनाव फार नाही, पण अगदीच दुर्मीळही नाही. मी नेहमीसारखा तक्ता आखला: नाव, साल, गाव, पुरावा. अकरा वाजून वीस मिनिटांनी पहिला सापडला, देगूचा एक्केचाळीस वर्षांचा दंतवैद्य. बाराच्या सुमाराला दुसरी. दंड हिलाच झाला होता. वय चौतीस, पत्ता बुसानचा, न्यायालयाच्या बातमीत जन्मसालही होतं. आता प्रवक्ती तिसरी आहे एवढं दाखवलं की काम संपत होतं.

तिची माहिती पक्षाच्या पानावर होती. वय पंचवीस, गाव छुन्छन.

वय जुळलं म्हणून मी दचकले नाही. या धंद्यात वयं जुळतातच. मी मागे मागे जात राहिले. विद्यापीठाच्या वादविवाद मंडळात नाव होतं. शरदातल्या मॅरेथॉनमध्ये दहा किलोमीटर, एक तास चार मिनिटं. माध्यमिक शाळेच्या गायनवृंदाचा फोटो होता, त्यात चेहरे तांदळाएवढे. मग शहर ग्रंथालयाच्या बालकविता स्पर्धेचा निकाल आला. उत्तेजनार्थ, प्यो गा-राम, इयत्ता चौथी. शाळेचं नाव वाचलं आणि मी चष्मा पुसला.

तीच शाळा. डोंगरावरची, चढाला अठ्ठ्याण्णव पायऱ्या असलेली. निकालाची तारीख अपघाताच्याच वर्षीची, ऑक्टोबरची.

त्या वर्गात दुसरी गा-राम नव्हती. असती तर मला माहीत असतं. वर्गातल्या तेवीस मुलांच्या हुडींवर मीच दोऱ्याने नावं भरली होती.

सन-हो जेवायला बोलवायला आला, मी नको म्हटलं. खिडकीतून समोरच्या गल्लीतला कोंबडी परतल्याचा तिखट वास येत होता. प्रचाराची गाडी गाणं लावून गेली. मी तक्त्यात पुराव्याच्या रकान्यात लिहिलं: छपाईची चूक असू शकते.

मग मी उलट बाजूने तपासायचं ठरवलं. माझ्या मुलीच्या जाण्याचा एखादा उघड पुरावा काढला की ही दुसरी कुणी, हे सिद्ध होणार होतं. अर्धा तास शोधलं तेव्हा ध्यानात आलं, तसा पुरावा नाहीच. आमच्याकडे लहान मुलांची निधनवार्ता कुणी छापत नाही. अपघाताची बातमी चार ओळींची होती. ‘मायलेकींपैकी एकीचा मृत्यू’ एवढंच, नावं नव्हती.

बारा फेब्रुवारीचा अंक उघडाच होता. सवयीने मी निधनवार्तांचा रकाना वाचत गेले. पाचवी वार्ता अशी होती:

‘मो इन-सुक, वय ३७. प्यो जुन-सिक यांच्या पत्नी, गा-रामच्या मातोश्री. अंत्यदर्शन: शहर रुग्णालयाचं अंत्यविधी दालन, कक्ष तीन.’

मी ती तीनदा वाचली. मो इन-सुक मीच. कक्ष तीनही मला आठवत होता. त्याच्या दारात मी गुडघे टेकून बसले होते, आत छोटी शवपेटी होती.

माझ्याच पद्धतीने पाहिलं तर निकाल स्वच्छ होता. मुलगी जिवंत, आई मेलेली.

अडीच वाजले. व्यक्तीशी एकदा बोलल्याशिवाय मी शेरा देत नाही. प्रचार कार्यालयाचा नंबर पानावरच होता. फोन तिनेच उचलला. मी वृत्तपत्राच्या पडताळणी विभागातून बोलतेय म्हणून सांगितलं, नाव सांगितलं नाही. जन्मसाल विचारलं, आधी कुठल्या पक्षात होता का विचारलं. ती नीट, न अडखळता उत्तरं देत होती. आवाज मोठ्या बाईचा होता. त्यात मला ओळखीचं काही सापडेना, आणि तेच सगळ्यांत जास्त लागलं.

मग मी विचारायला नको ते विचारलं. “आईचं नाव?”

“मो इन-सुक. पण ती नाही. मी नऊ वर्षांची असताना गेली, तलावाच्या रस्त्यावर.” जरा थांबून ती म्हणाली, “हेही छापणार का?”

“नाही.”

“मग बरं. बाबांना त्रास होतो.”

फोन ठेवता आला असता. मला ठेववेना. तीही ठेवत नव्हती.

“गाडी तीच चालवत होती,” ती म्हणाली. आता प्रवक्तीचा आवाज नव्हता. “मी मागून हाक मारली. बर्फावर बदकं होती, ती दाखवायला. तिने मागे वळून बघितलं. हे मी बाबांनाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, कळत नाही.”

बदकं होती. सहा. मी वळले होते. मीही जुन-सिकला कधी सांगितलं नव्हतं.

“तुमची चूक नव्हती,” मी म्हटलं.

“असं सगळे म्हणाले असते.”

“तिला बघायचंच होतं. तुम्ही हाक मारली नसती तरी ती वळली असती. दर वळणावर वळून बघायची, तुम्ही झोपलात का ते.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“कोण बोलतंय?” तिने विचारलं.

फोन आपोआप कटला की मी बटण दाबलं, ते आजही नक्की सांगता येत नाही. पुन्हा लावला तेव्हा नंबर व्यस्त होता. संध्याकाळपर्यंत व्यस्तच.

चारला पाच मिनिटं कमी असताना मी शेरा दिला: दंड झालेली प्यो गा-राम आणि प्रवक्ती प्यो गा-राम या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. ते खरंच होतं. खाली नियमाप्रमाणे पडताळणी करणाऱ्याचं नाव छापलं गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेरच्या खोलीत टेकले होते. सन-हो फोन आटोपून आला आणि समोरच्या खुर्चीत बसला.

“त्या प्रवक्तीबाईंचा फोन होता. बातमीखालच्या मो इन-सुक कोण म्हणून विचारत होत्या. सारख्या नावाच्या पुष्कळ असतात ना, जन्मसाल सांगा म्हणाल्या. मी सांगितलं.” त्याने मान खाजवली. “मग विचारतात, ‘आणि मृत्यूचं?’”

मी कप खाली ठेवला.

“मी म्हटलं, अहो, काय बोलताय. त्या इथे बार्लीचा चहा पीत बसल्यात. तर एकदम रडायलाच लागल्या. बऱ्याच वेळाने विचारलं, गार करून पितात का. मी म्हटलं, हो, थंडीतसुद्धा.”

“मग?”

“मग काही नाही. म्हणाल्या, त्यांना बसू द्या, उठवू नका.”