रविवारची ओली फरशी

"नळाची दुरुस्ती नकोय मला, ताई. गुन्हेगार हवाय," मास्तर फोनवर म्हणाले. "आमचं पाणी कुणीतरी मुद्दाम अडवतंय. आत्ता येता?"

मोटारवाली हातातलं काम टाकून निघाली. विहिरीचे पंप दुरुस्त करण्यात तिची वीस वर्षं गेली होती. तिचं खरं नाव आता कुणाला आठवतही नसे. पाणी अडवणारे तिने बरेच पाहिले होते. गाळ, गंज, एकदा तर बेडूक. माणूस क्वचित.

मास्तर फाटकातच उभे होते. गणित शिकवून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. एका आवारात दोन घरं, मध्ये कमरेएवढी भिंत. विहीर दोन्ही घरांची, पंपाची खोली मास्तरांच्या बाजूला, पण खाली उताराला, भिंतीला चिकटून. पलीकडचं घर थोरल्या भावाचं. तो दीड महिन्यापूर्वी वारला. आता तिथे त्याची बायको एकटीच.

"तिचंच काम आहे," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. "थोरल्याशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं. आईला दवाखान्यात न्यायला त्याने उशीर केला, आई गेली. तेव्हापासून आम्ही एकमेकांना पाण्यात पाहत होतो. तो गेला आणि माझ्या नळाची धार करंगळीएवढी झाली. हा योगायोग नाही."

"धार सतत बारीक असते?"

"नाही. सोडल्या सोडल्या जोर, मग मरगळ. पुन्हा जोर, पुन्हा मरगळ."

"एका दिवसात बिघडलं?"

"हळूहळू. सुरुवात तो होता तेव्हाच झाली होती."

पंपाच्या खोलीला नवंकोरं कुलूप होतं.

"हे कधी लावलं?"

"तीन महिने झाले. किल्ली फक्त माझ्याकडे. दर रविवारी दुपारी माझा डोळा लागला की थोरला इथे शिरायचा. नंतर पाहावं तर फरशी ओली. पाणी सोडून देत असणार, मला कमी पडावं म्हणून. शेवटी कुलूप बदललं. त्याच रविवारी हातात लोखंडी नळीसारखं काहीतरी घेऊन माझ्या दाराशी आला. मी खिडकीतून पाहिलं. दार उघडलं नाही."

"मग किल्लीशिवाय वहिनी आत शिरतील कशा?"

"तेच शोधायला तुम्हाला बोलावलं," मास्तर तुटकपणे म्हणाले.

ती आत वाकली. मोटारीशेजारी गळ्याएवढ्या उंचीची लोखंडी टाकी होती, मास्तरांच्या वडिलांनी बसवलेली. मास्तरांच्या घराकडे जाणारा वॉल्व्ह पूर्ण उघडा, चाकावर कोळ्याचं जुनं, अखंड जाळं. थोरल्याच्या घराकडचा वॉल्व्ह अर्धा बंद, आणि तसाच गंजून घट्ट बसलेला. फिल्टर साफ. गळती कुठेच नाही.

तिने मास्तरांना नळ सोडायला लावला. मोटार सुरू झाली, दाबाचा काटा चढला, मोटार थांबली, काटा लगेच खाली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. उचकी लागल्यासारखी.

टाकीच्या खालच्या तोटीपासून मोरीपर्यंत शेवाळाचा पट्टा होता, वाळून तपकिरी झालेला. तिने पान्ह्याने टाकी ठोकली. खाली ठप्प. मध्ये ठप्प. अगदी माथ्याशीसुद्धा ठप्प. माथ्याला सायकलच्या ट्यूबला असतो तसा छोटा वॉल्व्ह होता. सगळी टाकी गंजलेली, पण त्याचं पितळी टोपण हाताळून हाताळून चकचकीत झालेलं.

पान्हा पिशवीत टाकून ती उठली.

"मी पलीकडे जाऊन येते," ती म्हणाली.

थोरल्याची बायको भांडी विसळत होती. तिच्याही नळाची धार जोरात यायची आणि मरगळायची.

"तक्रार नाही केलीत?"

"कुणाकडे करू? किल्ली भावजींकडे. आणि आमच्याकडे पाणी कायमच बेताचं."

"रविवारी ते त्या खोलीत काय करायचे?"

"कधी सांगितलं नाही. तासाभराने घामाघूम होऊन यायचे. मला वाटायचं, चोरून सिगरेट ओढतात."

"कुलूप बदलल्यावर?"

"गेले आणि लगेच परत आले. मग पुन्हा गेलेच नाहीत."

दाराआड सायकलमध्ये हवा भरायचा पंप टेकवून ठेवला होता.

"सायकल कोण चालवतं?"

"कुणीच नाही. आमच्या घरात सायकल कधी नव्हतीच."

मोटारवाली पंप घेऊन परतली. मास्तरांनी तिच्या हाताकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हेच होतं त्याच्या हातात," ते म्हणाले.

"बसा, सर." तीही पायरीवर बसली. "या टाकीत नुसतं पाणी नसतं, वर हवा लागते. मोटार पाणी आत ढकलते, हवा दबते, आणि मोटार थांबली की ती हवाच पाणी नळापर्यंत रेटते. जुन्या टाकीत हवा टिकत नाही. सारखी भरावी लागते. आधी खालची तोटी सोडून टाकी रिकामी करायची, मग वरून या पंपाने हवा भरायची. म्हणून फरशी ओली. म्हणून ते टोपण चकचकीत. ही टाकी आता माथ्यापर्यंत पाण्याने भरलीय, हवा उरलीच नाही. आणि शेवाळ वाळलंय, म्हणजे कित्येक आठवडे ती तोटी कुणी सोडलेली नाही."

"स्वतःच्या नळासाठीच करत असेल," मास्तर म्हणाले.

"या खोलीपासून तुमचं घर लांब आहे, चढावर आहे. तिथवर दाब पोचावा म्हणून त्यांनी स्वतःचा वॉल्व्ह अर्धा बंद ठेवलाय. गंज पाहा. आजचा नाही तो."

जणू वर्गातल्या पोराला विचारावं तसं मास्तरांनी विचारलं, "मग गुन्हेगार कोण?"

टाकी जुनी झाली, असं सांगून तिला उठता आलं असतं. पण उत्तर त्यांना आधीच कळलं होतं, हे तिला दिसत होतं.

"पाणी कुणी अडवलं नाही, सर. पाण्याची काळजी घेणारा माणूस बाहेर ठेवला गेला. किल्ली कुणाकडे होती, ते तुम्हीच मला सांगितलंत."

मास्तर उठले. दोन पावलं गेले, थांबले.

"तुम्ही चला बरोबर. मला एकट्याला नाही जमायचं."

भावाच्या दारात ते अकरा वर्षांनी उभे राहिले. आतून वहिनी हात पुसत आली. 'या' म्हणावं की नाही, तिला ठरवता येईना.

"वहिनी," मास्तर म्हणाले, "त्या रविवारी तो माझ्या दाराशी आला होता. मी आतच होतो. परत आल्यावर... काही म्हणाला का?"

तिने जरा आठवून पाहिलं.

"म्हणाले, झोपला असेल. कशाला उठवायचं."

मास्तर चौकट धरून हळूहळू उंबरठ्यावरच बसले. मोटारवालीने त्यांना सावरायला हात पुढे केला, पण वहिनी आधीच खाली वाकली होती.