पिठावरचं तेल

त्र्यंबककाका कल्याणहून आले की चपला काढण्याआधी गाडीखाली वाकून बघत. तिथे तेलाचा काळा डाग दिसला की त्यांचा चेहरा खुलायचा.

"अजून गळतेय," ते सुमतीला म्हणाले. "माजिवड्याच्या भंगारवाल्याला संध्याकाळी बोलावलंय. तुझे वडील गेले, तसा भाऊ माझाही गेला, पण मी त्याच्यापायी लोखंड सांभाळत बसलो नाही."

"पॅकिंग दबलं असेल. मी बघते."

"तू? शाळेत भूगोल शिकवतेस ना गं?" काका हसले. "बघ. संध्याकाळपर्यंत गळती थांबली तर गाडी तुझी. मी तोंड उघडणार नाही." आणि पेपर घेऊन ते ओसरीवर बसले.

नौपाड्यातल्या त्या घराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये अप्पांची गाडी उभी होती. अप्पांनी, म्हणजे सुमतीच्या वडिलांनी, हयातभर कुणाला गाडीला हात लावू दिला नाही. सुमतीने फक्त कंदील धरायचा. कंदील हलला की तेलकट हाताने तिचं मनगट आवळून ते तो सरळ करत, बोलत काहीच नसत. वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत राहायचे. तरी तिला गाडी हवी होती. त्यांचं दुसरं काही तिच्या वाट्याला आलंच नव्हतं.

बघून बघून रीत पाठ झाली होती. तेल इंजिनभर पसरतं, त्यामुळे मूळ जागा कळत नाही. म्हणून रॉकेलने सगळं पुसायचं, कोरडं करायचं, वर संगजिऱ्याची पूड भुरभुरायची आणि इंजिन चालू करायचं. पांढऱ्यावर जिथून काळी रेघ निघेल, तिथे गळती.

संगजिऱ्याचा डबा रिकामा निघाला. मधल्या खोलीच्या कोनाड्यात मात्र पिठाची पुरचुंडी होती. अप्पांनी प्राण सोडला त्या जागी याच पिठावर दिवा ठेवून टोपली झाकली होती. गेलेल्या माणसाची खूण पिठात उमटते म्हणतात. तेराव्याला टोपली उचलली तेव्हा सगळे वाकून बघत होते. पीठ जसंच्या तसं होतं. ते खाडीत सोडायचं राहून गेलं होतं.

"ताई, ते नगा घेऊ," भांडी घासता घासता रंगूबाई म्हणाली. "ते त्यांचं हाय."

"पीठच आहे ते, रंगूबाई."

सुमतीने इंजिन पुसलं, पीठ भुरभुरलं आणि हँडल मारलं. आढेवेढे घेत इंजिन सुरू झालं. उजवा हात बॉनेटच्या कडेवर ठेवून ती वाकली. बाजूच्या झाकणाच्या कोपऱ्यातून काळी रेघ निघाली.

ती खाली आली नाही. वर चढली. सावकाश, तिच्या हाताच्या रोखाने.

पंख्याचा वारा असेल, तिने स्वतःला बजावलं. इंजिन बंद केलं. झाकणाचे दोन नट ढिले होते, ते पान्याने आवळले. आवळताना मनगट त्या रेघेवर घासलं. तेल गरम होतं. इंजिन आत्ताच चालू होतं, गरम असणारच.

पुन्हा हँडल मारलं. या खेपेला पीठ पांढरंच राहिलं.

संध्याकाळी काकांनी गाडीखालच्या पुसून घेतलेल्या फरशीवरून बोट फिरवलं, ते नीट न्याहाळलं. भंगारवाल्याला फाटकातूनच परत पाठवलं.

"घे. तुझी झाली," चपला घालताना ते म्हणाले. "आता माझ्याकडे रडत यायचं नाही."

सुमतीने साबणाने हात धुतले. घरात येताना ओसरीवर तिला एक काळा थेंब दिसला. स्वयंपाकघराच्या दारात दुसरा. मधल्या खोलीत, दिवा ठेवला होता त्या जागी ती थबकली, आणि तिच्या पायाशी आणखी एक पडला.

तिने बोट लावलं. कोमट होता.

रंगूबाई फडकं घेऊन दाराशी आली. तिने सुमतीच्या हाताकडे पाहिलं, फडकं तिथेच ठेवलं आणि मागच्या दाराने निघून गेली.

सुमतीने कोपरापर्यंत हात रॉकेलने पुसला. कोरडा केला. पुरचुंडीत उरलेलं चिमूटभर पीठ मनगटावर भुरभुरलं आणि खिडकीच्या उजेडात हात धरून ती बघत राहिली.

मनगटाच्या आतल्या बाजूला एक काळी खूण उमटली. अंगठ्याएवढी.

मग पलीकडून चार.

तिचा हात थरथरला. लगेच तो सरळ धरला गेला.