खोटी हाक

आमच्या डोंगरावर जिनसेंग शोधायला चढायचं तर माणसं विषम लागतात, आणि उतरायचं ते सम होऊन. मूळ सापडलं की तेही एक माणूसच धरायचं, म्हणजे हिशेब जुळतो. हसू नका. हातपाय फुटलेलं ते मूळ एकदा तळहातावर घेऊन बघा, मग बोला.

तर ग्वांगफू, त्याचा मेव्हणा लेई आणि म्होरक्या थानकाका असे तिघे निघाले. ग्वांगफूची बायको ताओ बाळंत झाली ती अंथरुणालाच खिळली होती. अंगावरून इतकं गेलं होतं की पोराला जवळ घ्यायचं बळ उरलं नव्हतं. वैद्यानं हात टेकले. म्हणाला, "डोंगरातलं जुनं मूळ मिळालं तर वाचेल. शेतात पेरलेलं आणू नकोस, वेळ घालवशील."

वर गेल्यावर जिनसेंगचं नाव घेत नाहीत. मोगरी म्हणतात, धुणं बडवायची असते ना, तीच. लाल फळांचा झुबका दिसला की बघणाऱ्यानं "मोगरी!" अशी खणखणीत हाक द्यायची, म्हणजे ती जागची हलत नाही. पण नीट बघून, बरं का! भलत्याच झाडाला हाक गेली, तर ते झाड उपटून पाठीवर घ्यायचं, खाली न्यायचं आणि डोंगरदेवाच्या देवळीपाशी लावायचं. बोलावलंस ना? मग सोबत ने.

ग्वांगफूचा जीव घरी अडकलेला. गवतात लाल काही दिसलं आणि तो ओरडला, "मोगरी!"

"कसला माल?" थानकाकांनी रीतीप्रमाणे विचारलं.

ग्वांगफू जवळ गेला आणि त्याचं तोंडच उतरलं. कसलंसं रानटी झुडूप होतं ते.

लेई पोट धरून हसला. "दाजी, आमच्या ताईलाही असंच लांबून पसंत केलं होतंत काय?"

"हसू नकोस रे," थानकाका म्हणाले. "उपट, ग्वांगफू. घे पाठीवर."

त्यानं निमूटपणे घेतलं. मुळाशी ओली माती होती, तिचा गार वास मानेशी येत राहिला.

पुढच्याच उतारावर खरी मोगरी सापडली. लेईला दिसली. हरणाच्या हाडाच्या सुईनं थानकाकांनी एकेक तंतू सोडवला, मूळ शेवाळात ठेवलं, भूर्जाच्या सालीत गुंडाळलं. ग्वांगफूच्या डोळ्यांना धार लागली. लेईनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "रडता काय दाजी? ताई आता तुम्हाला शिव्या घालायला ठणठणीत होणार."

उतरताना भर दुपारी धुकं आलं. पुढे थानकाका, मध्ये ग्वांगफू, मागे लेई. पाऊलभर पुढचं दिसेना. लेईच्या तोंडाला मात्र कुलूप नव्हतं.

"दाजी, हिशेब चुकला की हो. आपण तिघं, ही मोगरी चौथी... आणि तुमच्या पाठीवरची पाहुणी? पाच झाले!"

थट्टाच ती. पण ग्वांगफूच्या काळजात चर्र झालं. विषम होऊन उतरलो आणि ताओला काही झालं तर? थानकाकांना विचारावं तर ते रागावतील. वळणावर त्यानं पाठीवरचं झुडूप हळूच ओढलं आणि दरीत भिरकावलं.

ते खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

मागची पावलं मात्र थांबली. क्षणभरच. मग पुन्हा सुरू झाली.

"लेई?"

उत्तर नाही. चिडला असेल, दमला असेल... ग्वांगफूनं मागे वळून पाहिलं. धुक्यात लेईचाच सदरा, लेईचीच टोपी. बरं वाटलं त्याला.

देवळीपाशी थानकाकांनी मोजलं. "तिघं, आणि ही चौथी. छान. तुझं झुडूप लावलंस?"

"लावलं की, देवळीच्या मागच्या अंगाला," ग्वांगफूनं थाप मारली.

घरी मुळाचे पातळ काप काढून काढा उकळला. कडवट, मातकट वास घरभर पसरला. ताओला चमचा चमचा पाजला, तसा तिच्या ओठांवर रंग चढला. कपाळाला घाम फुटला. तिनं पांघरुणाआडून हसून पाहिलं. ग्वांगफूला वाटलं, देवा, भरून पावलो.

"लेई कुठंय?" तिनं विचारलं. "त्याला पेज वाढा. उपाशी असेल माझा भाऊ."

लेई दाराशी बसला होता, दाराला पाठ लावून. पेजेच्या वाडग्याला त्यानं हात लावला नव्हता. बाळाला त्यानं कधी उचललं कोण जाणे, ते त्याच्या मांडीवर होतं. गप्प, टक्क डोळ्यांनी वर बघत.

तेवढ्यात डोंगराकडून हाक आली. लांबून, घसा बसलेली.

"दाजी... ओ दाजी... अहो, वाट दिसत नाही... थांबा की..."

लेईचा आवाज. ग्वांगफू ताडकन उठला, दाराकडे एक पाऊल टाकलं... आणि दारातल्यानं बाळाच्या मानेखाली हळूच हात सरकवला. ग्वांगफू जागच्या जागी थिजला.

"दाजी... ऐकू येतंय का?..."

दारातल्यानं मान वळवली नाही. फक्त तोंड उघडलं. आवाज आला तो ग्वांगफूचा. त्याचाच, त्याच मायेनं, मेव्हण्याशी तो नेहमी बोलायचा तसा.

"ऐकतोय रे... तू तिथंच थांब. हलू नकोस. मी येतो न्यायला..."

"बरं, दाजी!" डोंगरावरून केवढ्या आनंदानं उत्तर आलं. त्यानंतर हाक आली नाही.

ताओ कुशीवर वळली. किती दिवसांनी तिचे गाल गुलाबी झाले होते.

"अहो," ती म्हणाली, "कुणाला थांबायला सांगितलंत?"