तीन हिसके

असल्या गोष्टी रात्रीच घडतात, असं तुम्ही वाचलं असेल. ही सकाळी पावणेनऊला घडली. डिसेंबर २०२३, सोमवार. ज्याच्या बाबतीत घडली तो अमरदीप पुण्यात माझ्या शेजारच्या खोलीत राहतो आणि एका गोडाऊनमध्ये काम करतो. बढाया मारणाऱ्यांतला तो नाही. पायावर खोकं पडलं तरी कुणाला सांगत नाही. हे सांगायला त्याला सात महिने लागले.

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

वाशिम जिल्ह्यात मेडशीच्या पुढे एक छोटं धरण आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथे माणसं राहतात. धरण बांधलं तेव्हा अमरदीपचा तांडा पाण्याखाली गेला आणि लोक वर माळावर येऊन बसले. सामान हलवायच्या घाईत त्याच्या आईचं, नानीबाईचं, जातं खालीच राहिलं. ती रोज कुरकुर करायची. पहिल्याच हिवाळ्यात पाणी जरा उतरलं, तसा त्याचा बाप प्रेमसिंग ते जातं आणायला गाळातून एकटा गेला.

तो परत आला नाही.

प्रेतसुद्धा सापडलं नाही.

अमरदीप तेव्हा चार वर्षांचा होता. बापाचा चेहरा त्याला आठवत नाही. त्याबद्दल काही वाटतही नाही, असं तो म्हणायचा.

तेव्हापासून तांड्यात एक रीत पडली. हिवाळ्यात पाणी मागे सरकलं की लोक काठच्या गाळात हरभरा पेरतात, त्यामुळे तिथून जाणं चुकत नाही. पण एकट्याने जायचं नाही. दोघांनी कमरेला एकच रस्सी बांधून जायचं. पुढच्याने मागे वळून बघायचं नाही, कारण वळताना पाय पिळतो आणि गाळ तो सोडत नाही. मागच्याने पुढच्याच्या पावलात पाऊल टाकायचं आणि अधूनमधून रस्सीला हिसका द्यायचा. एक हिसका म्हणजे, मी येतोय. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे, ओढ मला.

तीन आले की काही विचारायचं नाही. ओढायचं.

२०२३ साली धरणाच्या गेटच्या दुरुस्तीसाठी पाणी सोडलं आणि जुन्या तांड्याचं टेकाड वीस वर्षांनी पुन्हा उघडं पडलं. अमरदीप सुट्टीवर आला होता. नानीबाईने त्याला जवळ बसवलं.

"मायं जातं असन तिथं. वरची तळी तेवढी आन."

"याडी, दगड कायले पायजे तुले आता?"

"तुया बा त्याच्याच पायी गेला. मायाजवळ त्याचं दुसरं काहीच नाही. तेवढं तरी घरी येऊ दे."

आईला 'याडी' म्हणतात त्यांच्यात. याडीला नाही म्हणायची त्याची टाप नव्हती.

सोबतीला बादल आला. लहानपणापासूनचा मित्र, तोंडाची टकळी कधी बंद नाही. अमरदीपने पाठीला पुण्याहून आणलेली ट्रेकिंगची सॅक लावली. त्या सॅकने तोवर पुणे ते मेडशी एवढाच ट्रेक केला होता. पायात गमबूट, बाभळीच्या काट्यांसाठी कमरेला विळा. सकाळी सातला दोघे गाळात उतरले.

धुकं एवढं की दहा पावलांपलीकडे काही दिसेना. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला बाभळी, मधे गुडघाभर चिखल. दीड किलोमीटरला तासभर लागला.

जातं सापडलं. चुलीशेजारी, जिथे याडीने सांगितलं होतं तिथेच.

वरची तळी सॅकमध्ये घालून ते परत निघाले. पुढे अमरदीप, मागे बादल. चिखल बर्फासारखा गार. थोड्या वेळात अमरदीपला गुडघ्याखाली पाय आहेत की नाहीत तेच कळेना. मागून बादलचं चालू होतं, साखरपुड्याला कोणता सदरा घ्यायचा त्याचं.

मग ते बोलणं थांबलं.

दोन हिसके आले. अमरदीप थांबला.

"काय झालं बे?"

काही नाही. धुक्यात आवाज जणू विरून गेला.

तो उभा राहिला. बराच वेळ. मग...

एक हिसका.

आला बुवा, असं म्हणून तो पुढे चालू लागला.

"बादल्या, बोल न काही."

एक हिसका.

मग दहा पावलांनी आणखी एक. मग पुन्हा दहा पावलांनी. अगदी मोजून. बादलने आयुष्यात कधी काही मोजून केलं नव्हतं.

आणि आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. चिखलात त्याचे स्वतःचे पाय फच्च फच्च वाजत होते. मागून मात्र...

काहीच वाजत नव्हतं.

तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. स्क्रीनवर नाव बादलचं. अमरदीपला हसूच आलं.

"काहून बे, तोंडानं बोलता येत नाही काय?"

"अबे, कुठी हायेस तू?" बादल धापा टाकत होता. "मी टेकाडावर उभा हावो. मोबाईल पडला म्हनून दोन हिसके देल्ले, गाठ सोडली अन् चिखल चाचपत बसलो. मोबाईल भेटला, तं रस्सीच नाई. किती हाका मारल्या तुले. वाट दिसेना म्हनून वापस फिरलो."

"मंग रस्सी?"

"तुयाच कमरेले असन न."

...

एक हिसका.

त्याला भीती वाटली नाही. हे तो शपथेवर सांगतो. पायांसारखंच आतून सगळं बधिर झालं होतं. मोबाईल भिजू नये एवढंच मनात आलं. त्याने तो खिशात ठेवला. गाळात पळता येत नाही. एक पाय उपसायचा, टाकायचा, दुसरा उपसायचा. मागे वळून पाहायचं नाही, ही लहानपणापासूनची सवय तेवढी कामी आली.

दहा पावलं, एक हिसका.

दहा पावलं, एक हिसका.

काठ दिसला. काठावर लावलेली मोटरसायकल दिसली. पाच पावलं राहिली होती, फार तर.

रस्सी ताणली गेली.

एक.

दोन.

...

तीन.

अमरदीपने विळा काढला आणि रस्सी कापली.

काठावर पडल्यावर त्याने पहिल्यांदा मागे पाहिलं. कुणी नव्हतं. कापलेलं टोक हळूहळू गाळात शिरत होतं. काठाजवळ उथळ झालेल्या गाळात त्याच्या गमबुटांच्या खुणा धुक्यातून सरळ आल्या होत्या. शेवटच्या पाच सोडल्या, तर प्रत्येक खुणेच्या आत आणखी एक पाऊल उमटलेलं होतं. अनवाणी. पाची बोटं दिसत होती.

अकराला धुकं उठलं. तांड्यातली चार माणसं जाऊन बादलला घेऊन आली. त्याला काही झालं नाही. साखरपुड्याला त्याने निळा सदरा घातला.

घरी अमरदीपने सॅक उघडून तळी अंगणात ठेवली आणि आईला सगळं सांगितलं. नानीबाई ओढणीने दगड पुसत ऐकत होती.

"शेवटी किती हिसके देल्ले?"

"तीन."

"काठ किती दूर होता?"

"पाच पावलं."

तिचा हात थांबला. ती म्हणाली, "वढलं असतं, तं घरी आला असता."

रागावली नाही, रडलीही नाही. पुन्हा तो विषय काढला नाही. पण ती तळी तिने घरात घेतली नाही. अजून अंगणातच आहे.

अमरदीपच्या कमरेभोवती रस्सीएवढ्या रुंदीची कातडी बधिर झाली आहे. टाचणी टोचली तरी त्याला कळत नाही. डॉक्टर म्हणाले, एखादी शीर दबली असेल. असेलही.

संध्याकाळी आम्ही दोघे कामावरून चालत येतो. हल्ली तो फार सावकाश चालतो. मी एकदा कारण विचारलं.

"मांगच्याले झेपलं पायजे," तो म्हणाला.

तेव्हापासून मी त्याच्या शेजारून चालतो. मागून चालत नाही.

परवा भर रस्त्यात तो मधेच थांबला. कमरेला हात लावून उभा राहिला.

"किती?" मी विचारलं.

"एकच," तो म्हणाला आणि पुन्हा चालू लागला.