पडद्यावर जरा उशिरा

दीक्षाच्या मोबाइलमध्ये डोकावणारे लोक एसटीत रोजच भेटायचे. नळदुर्गच्या लॅबमधलं काम आटोपून ती संध्याकाळच्या उमरगा गाडीत बसायची, कानात इअरफोन घालायची आणि कुठल्यातरी परदेशात चाललेली मॅच लावायची. शेजारची एखादी बाई विचारायची, पिच्चर हाय का गं? ती मान हलवायची आणि विषय संपायचा. पण शेजारी बसून सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात मॅचचं वर्णन करणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला.

तो जळकोटला चढला होता. उंच, सावळा, खांद्यावर फेट्याचं कापड टाकलेलं. काउंटर स्ट्राइक या बंदुकांच्या व्हिडिओ गेमची फायनल अगदी रंगात आली होती. एका बाजूचा एकच गडी उरलेला, समोर तिघं. दीक्षाचा श्वास अडकला होता, आणि तेवढ्यात शेजारून गडगडाट झाला, "एकटा हाय, पर मागं सरंना! आला... आला... घेतला एक अंगावर!"

अख्खी गाडी वळून बघायला लागली. दीक्षानं इअरफोन काढला आणि त्याच्याकडं असं बघितलं की दुसरा कुणी असता तर पुढच्या थांब्याला उतरला असता. हा मात्र ओशाळून हसला. ते हसू फार चांगलं होतं, हे तिला नाइलाजानं कबूल करावं लागलं.

"माफ करा," तो म्हणाला. "कुस्तीचं निवेदन करतो मी. दोन गडी भिडले की तोंड आपोआप सुटतं."

"ही कुस्ती न्हाई."

"ते कळलं. काय हाय, ते कळलं न्हाय." तो जरा घुटमळला. "सांगाल का?"

त्याचं नाव बिरू. मेंढरं राखणाऱ्या घरातला. जळकोटपासून तुळजापूरपर्यंत जत्रेत कुठंही कुस्त्यांचा फड भरला, की हलगीच्या जोडीला आवाज त्याचा असायचा. एरवी तो लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा आणि सध्या उमरग्यात लग्नांची कामं लागल्यामुळं रोज याच गाडीला असतो, असं त्यानं सांगितलं. लग्नाची तिथी नसलेल्या दिवशीही तो गाडीत कसा, हे दीक्षानं कधी विचारलं नाही. न विचारण्यातच गंमत होती.

मग एक इअरफोन तिच्या कानात, एक त्याच्या कानात, असं सुरू झालं. जगात लोक कोणकोणते खेळ नुसते बघायला गर्दी करतात, ते ती एकेक करून त्याला दाखवू लागली. डोटा नावाच्या गेमपुढं त्यानं लगेच हात टेकले. आठवडी बाजारात सगळ्यांची भांडणं एकदम जुंपल्यागत वाटतंय, म्हणाला. लीग ऑफ लेजंड्सच्या जागतिक फायनलला भरलेलं स्टेडियम बघून तो चक्रावलाच. एवढी माणसं दुसऱ्याचा खेळ बघायला येतात? फडालाही लोक बघायलाच येतात की, असं दीक्षा म्हणाली, तेव्हा येणेगूरचा थांबा येईपर्यंत तो गप्प होता. काउंटर स्ट्राइक मात्र त्याचा जीव की प्राण झाला.

दीक्षाचा स्वतःचा खेळ म्हणजे मोबाइलवरचा बीजीएमआय. ती, करिश्मा आणि आणखी दोघी मैत्रिणी मिळून चौघींचा संघ होता. मोठं मैदान, त्याला घेरणारं वर्तुळ लहान लहान होत जातं आणि शेवटी जो संघ उरेल तो जिंकतो. "मोठ्या मॅच प्रेक्षकांना मुद्दाम जरा उशिरा दाखवतात," ती एकदा सांगत होती. "कोण कुठं लपलंय ते बघणाऱ्याला दिसतं, खेळणाऱ्याला न्हाई. कुणी ओरडून सांगितलं तर संपलाच की खेळ."

बिरू "हं" म्हणाला. बाहेर करडईची शेतं पिवळी झाली होती, कलतं ऊन खिडकीतून तिच्या गालावर आलं होतं... आणि तो पुन्हा एकदा "हं" म्हणाला.

फाल्गुनात उमरग्याच्या एका मंडळानं मंगल कार्यालयात बीजीएमआयची स्पर्धा ठेवली. तीन मॅच, तिन्हींचे गुण मिळून जो संघ पहिला येईल तो पुण्याला राज्याच्या फायनलला जाणार. चौघींची ही शेवटचीच संधी होती, कारण उन्हाळ्यात करिश्माचं लग्न होतं आणि ती हैदराबादला जाणार होती. दीक्षाचे वडील आबाराव पोस्टातून निवृत्त झालेले, शब्दाचे पक्के. जिंकलात तर पुण्याला मी स्वतः तुझ्याबरोबर येतो, हरलात तर मोबाइल ठेवून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला लागायचं, असं त्यांनी सांगितलं होतं आणि दीक्षानं ते मान्य केलं होतं. गाडीत तिनं बिरूलाही ते सांगितलं होतं.

निवेदनाला बिरूला बोलवा, हेही तिनंच मंडळाचे अध्यक्ष शिवलिंगप्पा यांना सुचवलं. ते जरा साशंक होते. पण लोकांना कळेल असं बोलणारा दुसरा कोण मिळणार, असं म्हणून तिनं त्यांना पटवलं.

आणि बिरूनं सभागृह डोक्यावर घेतलं. भयंकर नावं घेऊन आलेल्या संघांना तो आधी गाव विचारायचा, मग वस्ताद कोण ते विचारायचा. माणसं हसून लोळत होती. सगळे खेळाडू मंचाखाली, मॅच दाखवणाऱ्या मोठ्या पडद्याकडं पाठ करून बसले होते. पहिल्या मॅचमध्ये वर्तुळ आवळत आलं, तिघी मैत्रिणी बाद झाल्या आणि एकटी दीक्षा वाळक्या गवतात श्वास रोखून पडून राहिली. तिला बघून बिरूला राहवलं नाही.

"आणि ही बघा उमरग्याची वाघीण! मोठ्या दगडाच्या डाव्या अंगाला, गवतात दबा धरून..."

कर्ण्यातून आलेला तो आवाज कुठला इअरफोन अडवणार? पुढच्या क्षणी त्या दगडाच्या डाव्या अंगाला दोन बाजूंनी बॉम्ब पडले.

बिरू तिला शोधत मागं आला, तेव्हा ती हात धुवायच्या नळाशी तोंडावर पाणी मारत होती. रडत होती की काय, ते पाण्यामुळं कळत नव्हतं.

"गाडीत सांगितलं होतं मी तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही हं म्हणाला होता. दोनदा."

"म्हणालो होतो."

"मग?"

बिरूनं हातातला माईक बंद आहे ना, ते उलटसुलट करून बघितलं. ज्याच्या आवाजानं जत्रा हलायची, त्याचा आवाज आता जेमतेम तिच्यापर्यंत पोहोचत होता.

"ऐकलंच न्हाय मी. तुमच्याकडं बघत हुतो... त्या दिवशी, आन् रोजच. लग्नाची कामं दोनच हुती माझ्याकडं. बाकीचे दिवस उगंच येत हुतो. फडात सगळं उघड्यावर असतं. मला लपवाया येत न्हाय. तुम्ही मला लई आवडता. तुमचं घर, माझं घर, लोक काय म्हणतील, सगळं ठावं हाय. तरीबी आवडता."

दीक्षाला भयंकर राग आला होता आणि आता तो कुठं ठेवावा हेच तिला कळेना. छाती इतकी धडधडत होती की शेवटच्या वर्तुळातही कधी धडधडली नव्हती. तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"उत्तर आत्ता देणार न्हाई," ती म्हणाली. "आत्ता मला दोन मॅच जिंकायच्यात. आधी अध्यक्षांकडं जा."

तो गेला. शिवलिंगप्पांना सांगितलं, आणि मग माईक घेऊन भर सभागृहात सांगितलं की चूक खेळणाऱ्यांची नव्हती, आपली होती. झालेली मॅच काही पुन्हा होणार नव्हती. पण पुढच्या दोन मॅच पडद्यावर जरा उशिरा दाखवायच्या आणि खेळाडूंना मागच्या जेवणाच्या हॉलमध्ये दार लावून बसवायचं, असं ठरलं.

दुसरी मॅच चौघींनी जिंकली. तिसरी जिंकली तरच पुणं होतं. शेवटच्या वर्तुळात दीक्षा पुन्हा गवतातच पडून होती. बंद दारापलीकडून बिरूचा आवाज येत होता, पण तो मघाच्याच कुठल्यातरी गोष्टीचं वर्णन करत होता, ते ऐकून तिला हसू आलं. हात स्थिर झाला. समोरचा शेवटचा गडी झाडाआडून हलेपर्यंत ती थांबली, आणि मग थांबली नाही.

करिश्मा तोंडावर हात दाबून रडत सुटली. पडद्यावर निकाल दिसेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही, असं बजावलं होतं. दीक्षा तरीही दारातून निसटली आणि मंचाच्या कडेला, बिरूच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

पडद्यावर ती अजून गवतातच होती. बिरूला घाम फुटला होता. त्यानं तिच्याकडं बघितलं, पण लपण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसेना. त्यानं माईक बंद केला.

"काय झालं?"

"ते मी सांगणार न्हाई. सगळ्यांबरोबर बघ." ती आणखी जवळ सरकली. तिच्या केसांना अजून नळाच्या पाण्याचा ओलावा होता. "मी मघाचं उत्तर द्यायला आले. मलाही तू आवडतोस. येणेगूरपर्यंत गप्प बसला होतास ना, त्या दिवसापासून." ती थांबली. "आणि प्रवासाला माझे बाबा बरोबर असणार आहेत. त्यांच्या शेजारी बसायची तयारी ठेव."

बिरूला आधी फक्त पहिलं कळलं. आबाराव कुठल्या प्रवासाला बरोबर येणार होते, ते डोक्यात शिरायला त्याला थोडा वेळ लागला. शिरलं, तेव्हा त्याचे डोळे एवढे मोठे झाले की दीक्षानं ओठांवर बोट ठेवलं.

सभागृहात कुणालाच काही ठाऊक नव्हतं. पडद्यावर गवत हलत होतं.

"बिरू, माईक गेला काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

बिरूनं माईक चालू केला. त्याचा आवाज थोडा ओला होता.

"माईक बरा हाय, मंडळी. धीर धरा जरा," तो म्हणाला. "उशिरा दिसतंय, पर दिसतंय."

मग तो पुढचं वर्णन करू लागला आणि दीक्षा तिथंच, त्याच्या शेजारी उभी राहून, आपणच जिंकलेली मॅच बघत राहिली.